बाभळीच्या दांड्या

१५ मे १९८३, रविवार. सकाळी सहाला मी शिडाच्या कडेवर दुसरी शिवण मारत होते. दुपारी बोट धरणावर न्यायची होती.

आम्ही केळझरचे. यांचा धंदा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवण्याचा. रद्दीतल्या एका परदेशी मासिकातला नकाशा पाहून यांनी दोन वर्षांत ही बोट बांधली. प्लायवूडच्या दोन अरुंद, हलक्या होड्या, मध्ये दोन आडव्या दांड्या, त्यांवर दोघांना झोपता येईल एवढी खोली. दांड्या उपसल्या की सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मावायचं. पुढे कोकणात नेऊन समुद्रात फिरायचा बेत होता. यांना पोहता येत नव्हतं.

नकाशात दांडी होडीच्या खाचेत जराशी सैल ठेवून बोल्टांनी आवळायला सांगितलं होतं. यांनी ती चाकात आरा बसवतात तशी ठोकून घट्ट बसवली.

"बोल्टाचं वजन काऊन वाढवू? बाभूळ पाण्यानं आणखी धरते," हे म्हणाले.

उन्हाळ्यात ढिली झालेली चाकं आम्ही पाण्यात टाकतो, ती आवळून येतात. मलाही पटलं.

ट्रॅक्टर आणणारा धाकटा दीर काठावरून ओरडला, "भाऊ, बैल कुठी हायेत?" पण हे एकटेच बोटीत बसले, वारा भरला आणि बोट अशी सुटली की तोही काठाकाठानं पळू लागला.

तासाभरानं पाण्यावरून कडकन आवाज आला. डावी होडी खाचेपाशी उभी चिरली होती. तेव्हा मला चाकाची लोखंडी धाव आठवली. फुगणारं लाकूड ती बाहेरून आवळून धरते. प्लायवूडला आवळायला काहीच नव्हतं.

"शीड पाडा!" मी ओरडले. ऐकू जात नव्हतं. डावी बाजू बुडत चालली, हे उजव्या होडीला पोटाशी धरून पडले होते. मी पाण्याच्या कडेपर्यंत धावले. नजर काढली नाही. दीर ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन पाण्यात उतरला आणि त्यानं यांना, मागोमाग बोटीलाही, ओढत आणलं.

काठावर खोकला थांबल्यावर यांचं पहिलं वाक्य, "दांडी नाई सुटली, पाह्यलं? पुढच्या रविवारी पुन्हा येऊ."

हे ऐकणारे नव्हते, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठायच्या आधी मी टेप घेतला. अंगणात उपसून ठेवलेल्या दांडीचं ओलं टोक कोरड्या भागापेक्षा सूतभर, इंचाचा आठवा भाग, जाड होतं. मी रंधा घेतला, फुगायला जागा राहावी म्हणून चारही टोकं दोन-दोन सूत उतरवली आणि दुकान उघडताच बोल्ट आणायला गेले.