क्लोव्हरच्या पाठीवर जोनेल

आर्डिस टिमरच्या घोडीला, क्लोव्हरला, दुसऱ्या कुणाचा हात खपत नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला आर्डिस स्वतः सांगायची. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात मॅकरोनी वाढतावाढता सांगायची, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सांगायची. क्लोव्हरनं खूर तासणाऱ्याचा दंड कसा दातांत धरला, लाइलला, म्हणजे आर्डिसच्या नवऱ्याला, तबेल्याच्या दारात कसं लोळवलं. सूर तक्रारीचा असायचा, पण चेहरा असा खुललेला की पोरीनं बक्षीस मिळवलंय. पोरबाळ नव्हतं तिला. ही मातकट पिवळ्या रंगाची, काळ्या आयाळीची घोडी होती. लिलावात कुणी बोली लावेना म्हणून आर्डिसनं घेतली, तेव्हा घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या. पहिला हिवाळाभर आर्डिस नुसती बादली उलटी टाकून तिच्याजवळ बसून राहायची.

दर सप्टेंबरात आर्डिस, तिची मैत्रीण विल्मा आणि आणखी चारपाच जणी ट्रेलर जोडून सरकारी जंगलात आठवडाभर तळ टाकायच्या. पाइन आणि ओकची झाडं, आणि खाली सगळी वाळू. घोड्याच्या टापेचा आवाजच येत नाही तिथं. पाच जणी मागून येत असल्या तरी वळून पाहावं तेव्हा कळतं. आर्डिस सगळ्यांत पुढं असायची. वाट तिनं दाखवायची, पाणी पाजायला कुठं थांबायचं ते तिनं ठरवायचं, आणि क्लोव्हरच्या मागं किती अंतर ठेवायचं तेही तीच बजावायची.

त्या वर्षी वसंतात तिच्या खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरनं सांगितलं, यंदा खोगिरावर बसायचं नाव काढायचं नाही.

आणि घरात जोनेल होती.

जोनेल धाकटी बहीण, आर्डिसहून दहा वर्षांनी लहान. ऐन तारुण्यात ॲरिझोनाला गेली, तिकडंच लग्न केलं, तिकडंच ते मोडलं, आणि गेल्या हिवाळ्यात दोन बॅगा घेऊन आर्डिसच्या वरच्या खोलीत उतरली. आर्डिसनं आनंदानं ठेवून घेतलं. पण महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की दुकानातली जी बाई आपल्याशी इतक्या वर्षांत हवापाण्यापलीकडं बोलली नाही, ती जोनेलला आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगते. लाइल जेवणाच्या टेबलावर बोलायला लागला. लहानपणीही असंच होतं. वडील संध्याकाळी आले की आर्डिस बूट काढायला धावायची, आणि त्यांच्या मांडीवर मात्र जोनेल असायची.

ऑगस्टात लाइल म्हणाला, "घोडी नुसती उभी राहून सुटलीय. जोनेलला नेऊ दे की जंगलात. तू तळावर बस, स्वयंपाक कर."

"ती बसू देईल जोनेलला?" आर्डिस म्हणाली.

"बघू तर."

आर्डिस फार लवकर हो म्हणाली. तिला खात्री होती, पहिल्याच सकाळी क्लोव्हर जोनेलला वाळूत फेकणार. ते बघायला ती घडीची खुर्ची घेऊन बसणार होती.

तशी ती बसलीही. काठी मांडीवर आडवी, हातात कॉफी. दोन झाडांमध्ये डोक्यापेक्षा उंच ताणलेल्या दोराला घोडी बांधलेली होती. जोनेल गेली आणि घोडीकडं पाठ करून उभी राहिली. स्वतःशी काहीतरी गुणगुणत सफरचंद खात. थोड्या वेळानं क्लोव्हरनं मान लांब करून तिच्या खांद्याचा वास घेतला. जोनेल वळली नाही. आणखी थोड्या वेळानं तिनं उरलेलं सफरचंद न बघताच मागं धरलं. मग खरारा केला, खोगीर टाकलं, तंग आवळला. लगाम घालताना आर्डिसच्या हातून रोज निसटायचं ते डोकं क्लोव्हरनं आपणहून खाली केलं.

"आर्डिस, तुझ्या वाघिणीची मांजर झाली की गं," विल्मा म्हणाली.

"इथं पाणी मानवत नसेल तिला," आर्डिस म्हणाली.

सगळ्या गेल्या. आर्डिसनं लीद उचलून हातगाडीत भरली, हापशावरून पाणी आणलं, राजमा शिजत टाकला. डॉक्टरनं सांगितलं होतं त्याहून जास्त काम केलं. संध्याकाळी शेकोटीपाशी जोनेल सगळ्यांना सांगत होती, घोडी ओढ्यातून कशी बिनतक्रार चालत गेली. तोच ओढा. तिथं क्लोव्हरला उतरवायला आर्डिसला तीन सप्टेंबर लागले होते, आणि अजूनही दर वेळी दहा मिनिटं काठावर नाचणं व्हायचं.

"काहीच केलं नाही मी," जोनेल म्हणाली. "लगाम ढिला सोडला आणि गप्पा मारत बसले. ती आपली गेली."

"आर्डिस घट्ट धरते," कुणीतरी म्हणालं. वाईट हेतूनं नव्हे. आर्डिसनं बशीतला मक्याचा पाव तसाच ठेवला आणि झोपायला गेली. झोप कुठली. मला सोडून हिला का, एवढंच डोक्यात. घोडीनं आपलं नाव कुठं बुडवलं म्हणून नव्हे. आपल्याला वाटत होतं ती अवखळ आहे, आणि ती अवखळ नव्हतीच, म्हणून.

सकाळी ठरलं, जुन्या जाळरेषेनं जायचं. वणवा पसरू नये म्हणून वनखात्यानं झाडं काढून मोकळा ठेवलेला तो पट्टा, आणि तिथली वाळू अंगणभर पसरलेल्या पिठासारखी. आर्डिसला एक गोष्ट ठाऊक होती. तशी मोकळी वाळू दिसली की क्लोव्हर पुढच्या पायानं उकरते, आणि उकरली की लगेच टाच मारून पुढं काढायची, नाहीतर पाठीवर माणूस आहे का खोगीर आहे हे न बघता ती खाली बसते आणि लोळते.

जोनेल रिकिबीत पाय घालताना थांबली. "तिकडचं काही सांगायचंय का हिच्याबद्दल?"

आर्डिसनं घोडीच्या कपाळावरची बट सारखी केली. "नाही. सरळ जाते."

दुपारी त्या परतल्या तेव्हा जोनेल घोडीला हातानं धरून लंगडत चालत होती. केसांत, कानांत, सगळीकडं वाळू. बाकीच्या हसून हसून दमल्या होत्या आणि जोनेलही हसत होती. घोडी बसली तेव्हा एक पाय खाली सापडला. वाळू मऊ, म्हणून नुसत्या मुरगळण्यावर निभावलं. आर्डिसच्या खोगिराचं पुढचं लाकूड मात्र मोडलं होतं. ते खोगीर लाइलनं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलं होतं. आर्डिसला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते एवढंच, की पडूनसुद्धा सगळ्या हिच्याच भोवती जमल्यात.

हापशाजवळ विल्मानं तिला गाठलं. "तू तिला सांगितलं नाहीस."

"विसरले."

"मला तू पहिल्या दिवशी सांगितलंस. गेल्या वर्षी त्या घोड्यांच्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा सांगितलंस, ज्याला तू घोडीच्या जवळ फिरकू दिलं नव्हतंस." विल्मानं बादली उचलली. "मी काही बोलणार नाही. पण तुझी बहीण खुळी नाही, आर्डिस."

खुळी नव्हतीच. संध्याकाळी सगळ्या आवराआवर करत असताना जोनेल थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. आर्डिस शेजारून जायला लागली तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना?"

आर्डिस उभी राहिली. "हो."

"पाय मोडला असता माझा."

"मोडावा असं नव्हतं मनात. पडावीस एवढंच होतं. सगळ्यांच्या देखत."

जोनेलच्या तोंडावरचं हसू गेलं. आर्डिसनं तिला असं क्वचितच बघितलं होतं. "मी काय केलं गं तुझं?"

"काही नाही. तू येतेस आणि सगळं तुझ्याकडं वळतं. माणसं वळली, वळू देत. सवय आहे मला. ही माझी होती."

"घोडी आहे ती, आर्डिस."

"तेच म्हणतेय मी."

जोनेलनं पाय बाहेर काढून पुसला. "मग उद्यापासून सांभाळ तुझी तू," म्हणाली आणि तंबूत गेली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या निघाल्या आणि क्लोव्हर दोराला बांधलेली राहिली. जोनेल ट्रकमध्ये पाय वर करून बसली होती. आर्डिसला हवं होतं तेच झालं. आख्खा दिवस, घोडी आणि ती. तिनं जवळ खुर्ची नेली, खिशात गाजरं भरली. पण शेवटचा घोडा झाडांआड गेला तशी क्लोव्हर खिंकाळली. मग पुन्हा. मग दोराखाली गोल गोल फिरायला लागली. खालची वाळू उकरून उकरून खड्डा झाला, मानेवर घाम फुटला. आर्डिस नावानं हाका मारत होती, गाजर पुढं करत होती. घोडी तिच्या खांद्यावरून वाटेकडं बघत होती. घोडीच्या लेखी ती वाटेच्या आड आलेलं एक ओकचं झाड होती. रागसुद्धा नव्हता त्या नजरेत.

आर्डिसनं बराच वेळ सहन केलं. मग काठी टेकत ट्रकपाशी गेली.

"पाय कसा आहे?"

"आहे."

"रिकिबीत जाईल?"

जोनेलनं सुजलेला घोटा चोळला.

"ती तिथं जीव काढतेय," आर्डिस म्हणाली. "मला बसता येत नाही. येत असतं तर तुझ्याकडं आले नसते, खरं सांगते. चुकलं माझं काल."

"एवढंच?"

"एवढंच जमतंय आत्ता."

जोनेलनं खिडकीतून लांब बघितलं. "खोगीर कुठंय पण? ते तर मोडलं."

"विल्माकडं एक जास्तीचं आहे."

खोगीर चढवताना आर्डिसनं सगळं सांगितलं. उकरलं की टाच मार. तंग एका दमात आवळू नकोस, थोडं चालव, मग आवळ. रानटी टर्की झुडपातून उडाल्या तर ती डावीकडं उडी मारते, कायम डावीकडं. उतारावर तिला घाई होते. एकेक गोष्ट सांगताना तिला वाटत होतं, आपण घरातली भांडी एकेक करून दाराबाहेर नेऊन ठेवतोय. जोनेल मान हलवत ऐकत होती, मध्ये एकदाही हसली नाही.

मग ती गेली. घोडीचे कान क्षणभर मागं, पाठीवरच्या माणसाकडं वळले आणि मग पुढं टवकारले. आर्डिसनं ते बघितलं. बरं वगैरे काही वाटलं नाही तिला. ती खुर्चीत जाऊन बसली आणि आणलेली गाजरं एकटीनं खाल्ली.

जोनेल पुढं इकडंच राहिली. पशुखाद्याच्या दुकानात कामाला लागली, गावात दोन खोल्या घेतल्या. बहिणींचं त्या गोष्टीवरून पुन्हा बोलणं झालं नाही, पण जोनेल पहिल्यासारखी निर्धास्तही राहिली नाही. आर्डिसनं काही सांगितलं की ती विचारायची, "आणखी काही राहिलंय का?" आर्डिस ते ऐकून घ्यायची.

दीड वर्षानं डॉक्टरनं बसायची परवानगी दिली, पण रुंद पाठीचा, थंड डोक्याचा घोडा हवा म्हणाला. लाइलनं ओटो नावाचा एक नांगर ओढायच्या जातीचा म्हातारा घोडा आणला, मेजासारखा. त्याच्यावर बसून आर्डिस दर सप्टेंबरात मागून जाते, आणि पुढं क्लोव्हरवर जोनेल असते. क्लोव्हरचं ढुंगण किती ऐटीत हलतं हे आपल्याला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं, असं तिनं विल्माला एकदा सांगितलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. वाटेत कुणी नवीन भेटलं आणि घोडी कुणाची म्हणून विचारलं, की ती मागून ओरडून सांगते, "माझी." जोनेल ते खोडत नाही.

एक गोष्ट मात्र आर्डिसनं जोनेलला कधी सांगितली नाही. क्लोव्हरच्या दोन पुढच्या पायांमध्ये, छातीच्या खळगीत, बोटांच्या पेरांनी खाजवलं की ती डोळे मिटते, वरचा ओठ लांब करते आणि अंगाचा सगळा भार समोरच्या माणसावर टाकते. तळावर बाकीच्या अजून झोपलेल्या असतात तेव्हा आर्डिस उठते, कॉफी ठेवते आणि पाणी उकळेपर्यंत दोरापाशी जाऊन तेवढं करून येते.