माझ्या नाइट गार्डला देवाचा कौल

आज मुलुंडच्या डेंटिस्टने रात्री झोपताना दातांवर घालायचे दोन नाइट गार्ड समोर ठेवले, एक मऊ, एक कडक. झोपेत मी दात इतके आवळते की सकाळी जबडा उघडत नाही यार, चपाती चावताना रडू येतं.

"दोन्ही चालतील. तुम्हाला कुठला हवा?"

मला काय कळतंय?

घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने थेट गावी गुरवकाकांना फोन लावला. त्यांनी मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवून देवाला कौल लावला: उजवं पडलं तर कडक, डावं पडलं तर मऊ. उजवं फूल पडलं, म्हणजे कडक!

"आई, देवाला गार्डमधलं काय कळतं गं?"

"देवाक सगळा कळता. तू गप रव."

माझे दात आपोआप आवळले गेले.

कुठला गार्ड, हे सगळ्यांनी विचारलं. मी दात का आवळते, हे कोणीच नाही. तुमच्या घरी तरी कोणी विचारतं का?