राक्षसाचा लाल रंग

लाल पतंगी कागद भिजला की त्याचा वास मला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, बोदलकसाजवळच्या आमच्या गावात नेतो. त्या वर्षी दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात मी राक्षस होतो. आम्ही सोंगाडे लाल कागद ओला करून गालांवर चोळायचो, पण त्या दुपारी कागद संपला. ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेल्या शेजाऱ्याकडून मी सोंगाच्या नमुन्यासाठी एक जपानी चित्र मागून आणलं होतं. लाकडी ठशांनी छापलेलं, त्यात तलवार उगारलेला वीर आणि शिंगांचा लालभडक राक्षस. तो लाल पाहून मला राहवलं नाही. चित्र पाण्यात बुडवलं आणि राक्षसाचा रंग माझ्या तोंडाला फासला. दंडार रंगली. सकाळी चित्र वाळवून परत दिलं, तर शेजाऱ्यानं ते आधी उलटंच करून पाहिलं. मागची शाई पार पसरली होती. "मेलेल्या जपान्याच्या खिशातलं होतं गा हे," तो म्हणाला. "मांगं त्याच्या घरचा पत्ता होता. वाचनारा कोनी भेटन तं धाडीन म्हनून जपून ठेवून राहिलो होतो. काऊन भिजवलं तू?" मी हातानं गाल पुसले. गालांवरचा लाल अजून उतरला नव्हता. मला तर तो आजही उतरल्यासारखा वाटत नाही.