उलटा हात

भिकन कापड विणणाऱ्या लूमखात्यात फिटर आणि सुट्टीच्या दिवशी लिंबायतमधल्या आमच्या गल्लीचा वायरमन. परवाना नव्हता, पण घाईही नव्हती. कुठल्याही बोर्डाला, भिंतीला तो आधी उलटा हात लावायचा. "करंट मूठ आवळस. सुलटा हात लावा तं सुटत नही," असं म्हणायचा. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो.

सत्त्याण्णवच्या श्रावणातल्या एका रविवारी प्रमिलाबाईंनी त्याला बोलावलं. घरात कानबाई देवी बसणार, पाव्हणे येणार आणि फ्यूज सारखा उडत होता. घर जुनं, वायरिंग लाकडी पट्टीतलं, त्यात देवीसाठी आदल्याच दिवशी भिंतीला चुना दिलेला, अजून ओलाच. भिकनने मखराजवळचा स्विच उघडला, तर वायरचं रबर बोटांत भुगा होऊन आलं. लोखंडी मखराला टेस्टर टेकवला, तर टेस्टर पेटला.

"मावशी, भिंतमा करंट शे. मखर मधमा ल्या."

"कानबाई दरसाल आठेच बठस," प्रमिलाबाई म्हणाल्या. विषय संपला.

भिकनने फ्यूज काढून खिडकीत ठेवला आणि मी येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून तो वायर आणायला गेला. बजावून काय उपयोग? प्रमिलाबाईंचा मुलगा ललितही लूमवरचाच. मशीन थांबू नये म्हणून फ्यूजात जाड तार घालायची, ही खात्यातली विद्या त्याने घरी आणली. मखरावरच्या दिव्यांच्या माळा लखलखल्या, फ्यूज उडाला नाही आणि शहाणा खूश झाला.

भिकन परतला तेव्हा आत घंटा वाजत होती. ललितची बायको सुषमा रोटांचा नैवेद्य ठेवायला ओल्या पायांनी वाकली होती आणि मखराचा दांडा धरून थरथरत होती. डोळे पांढरे झालेले. बायका हात जोडून उभ्या. "कानबाई उनी, आंगमा उनी." प्रमिलाबाई तिच्या कपाळाला कुंकू लावायला बोट पुढे करत होत्या.

अंगात आलेल्या बाया भिकनने लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्यांचे हात मोकळे फिरतात. सुषमाची मूठ दांड्यावर घट्ट आवळलेली होती.

"हात लावू नका," तो ओरडला आणि धावत जाऊन त्याने फ्यूज उपटला. माळा विझल्या. सुषमा खाली कोसळली. समईतली वात तेवढी जळत राहिली.

"माय ले उठाडी दिधं यानी," देवीला उठवून लावलं म्हणून मागून कोणीतरी रागाने पुटपुटलं. भिकन श्वास चालतो का, म्हणून सुषमाच्या छातीकडे बघत होता. बऱ्याच वेळाने ती हलली.

तिने सासूकडे पाहिलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"आत्याबाई, मी मनमा हाका मारत व्हतू. अन् तुम्ही हात जोडत व्हतात."

प्रमिलाबाईंनी कुंकवाचं ताट खाली ठेवलं. त्या मखराजवळ गेल्या, आधी उलटा हात लावून पाहिला आणि मग ते एकट्याच भिंतीपासून ओढायला लागल्या.