बशी गाडी आणि तिची खोड

गाडी चढाच्या मध्यावर थांबली तेव्हा थर्मासमध्ये ओंजळभर बर्फ उरला होता. वाडी अजून मैलभर वर. बर्फ वितळला की लस वाया. आणि पलीकडच्या गावात बुळकांडी येऊन पोचली होती.

बुळकांडी म्हणजे गुरांची पटकीच समजा. ताप, तोंड येणं, हगवण, आणि आठवड्यात गोठा रिकामा. त्यावर औषध नव्हतं. लस होती. ती बर्फात सांभाळायची आणि टोचायच्या वेळी सलाइनमध्ये कालवायची. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. बर्फ मिळायचा कल्याणला. तो एसटीने मुरबाडला येईपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. म्हणून मी गाडी घेतली.

असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण वेगळं. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. मुंबईच्या कॉलेजातून गुरांचा डॉक्टर होऊन मुरबाडच्या दवाखान्यात आलो आणि सायकलवरून फिरू लागलो. हे मला शोभेना. कल्याणच्या एका कंत्राटदाराकडे जुनी विलायती गाडी पाहिली. हिरवीगार. रंगाला इतकी चकाकी की दारात माझा चेहरा दिसला. चेहरा आवडला. गाडी घेतली.

पहिल्यांदा ती किन्हवलीकडे आमच्या घरी नेली. बाबा शेतकरी. सही करायला शिकले ते माझ्या हट्टाने. पण म्हसाच्या बैलबाजारात लोक त्यांना जोडी पारखायला मुद्दाम घेऊन जायचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"खोड विचारलीस?"

बैलबाजाराची रीत अशी की घेणारा दात बघतो, चाल बघतो आणि शेवटी खोड विचारतो. विकणाऱ्याने ती खरी सांगायची. मारका असेल तर मारका, बशा असेल तर बशा. बशा म्हणजे जुंपल्यावर मधेच बसणारा बैल. खोड लपवली आणि मागून निघाली, तर बैल परत.

"बाबा, यंत्राला खोड नसते."

"मग त्यानं विकली का रे?"

"तुम्हाला त्यातलं नाही कळायचं," मी म्हणालो. हे वाक्य पुढे मला फार महाग पडलं.

गाडी गार असली की हरणासारखी पळायची. तापली आणि चढ आला की जागेवर बसायची. पंधरा दिवसांत अख्ख्या तालुक्यात तिचं नाव पडलं. बशी.

कुणीतरी वर तक्रारही पाठवली, 'डॉक्टर बशीमुळे वेळेवर येत नाहीत.' जिल्ह्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"चहा पिण्यात इतका वेळ जातो तुमचा?"

"नाही सर. बशी म्हणजे गाडी."

"कपातून प्यायला शिका," साहेब म्हणाले. मी समजावण्याचा नाद सोडला.

तर त्या दिवशी चढावर बशी बसली. खरं म्हणजे वर पोचून तरी उपयोग होता की नाही, देव जाणे. आठ दिवसांपूर्वी त्याच वाडीने मला परत पाठवलं होतं. लस टोचली की बैल बसतात, असं त्यांनी ऐकलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. लसीने दोन-चार दिवस ताप येतो. मी तेव्हा कॉलेजातल्या थाटात सांगितलं होतं, "काहीही होत नाही." कोणी विश्वास ठेवला नाही.

मी थर्मास उचलून चालायला निघणार, तोच वरून माणसं उतरली. मोळी घेऊन जाणाऱ्या बाईने वाडीत बातमी पोचवली होती. गाडी ओढायला बैलांच्या दोन जोड्या आणल्या होत्या. बाकीची माणसं मजा बघायला आली होती. पुढे गोविंदबाबा, वाडीतले सगळ्यांत जाणते.

"काय डाक्तर, बसली का?"

"बसली."

"तुमची गाडी बशी. तुमच्या सुईनं आमचं बैल बशं झालं तर आमी काय तुमाला नांगराला जुंपायचं?"

सगळे हसले. माझ्या ओठांवर कॉलेजातलं एक वाक्य आलं होतं. ते गिळलं. बाबांचा बाजार आठवला.

"गोविंदबाबा, गाडी घेताना मी खोड विचारली नाही. फसलो. पण ह्या सुईची खोड सांगतो. ऐकून घ्या."

हसणं थांबलं.

"दोन-चार दिवस बैलाला ताप येईल. चारा कमी खाईल. एखादा बसेलसुद्धा. आठ दिवस जुंपू नका. मग उठेल. आणि बुळकांडीनं बसला, तर उठणार नाही."

"मंग मागल्या टायमाला का नाय बोललास?" गोविंदबाबा तुमीवरून एकदम तूवर आले.

"चुकलो."

त्यांनी आपला बैल वेसणीला धरून पुढे आणला. मग लोकांकडे वळले. "खोड सांगून माल देतोय. पयला माझा बैल घे रे."

मग वाडीतली उरलेली गुरं खाली आणली. मी बॉनेटवर लस कालवली. दोन तास पुरे व्हायच्या आत शेवटचं वासरू टोचून झालं. बशीचा टेबल म्हणून चांगला उपयोग झाला.

"आता तुझ्या बशीला बघू," म्हणून गोविंदबाबा पेटलेला पेंढा घेऊन गाडीखाली वाकले. बशा बैलाला उठवायचा तो जुना उपाय.

"गोविंदबाबा, तिच्या पोटात पेट्रोल आहे!" मी ओरडलो. वाडीने पहिल्यांदा डॉक्टरांना धावताना पाहिलं.

"मंग नाकात पानी घालू," ते शांतपणे म्हणाले. बॉनेट उघडायला लावलं आणि तांब्याभर पाणी आत ओतलं. मी चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

नंतर शहापूरच्या मिस्त्रीने सांगितलं, की तापल्यावर नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. "दोन तास उभी होती ना, आपोआप गार झाली. पाणी नसतं घातलं तरी चालली असती." हे मी गोविंदबाबांना कधी सांगितलं नाही.

वाडीतले सात-आठ बैल खरंच बसले. माझी झोप उडाली. मग एकेक करून सगळे उठले. बुळकांडी ओढ्यापलीकडच्या गावातच अडली. वाडीतलं एकही जनावर गेलं नाही.

साथ ओसरली, तशी पावसाळ्याआधी गाडी विकायला काढली. प्रत्येकाला आधी खोड सांगायचो, म्हणून प्रत्येक जण चहा पिऊन निघून जायचा. शेवटी सापगावकडचा एक मंडपवाला आला.

"तापली की बसते," मी म्हणालो. "मग ढकलावी लागते."

"मला वरातीला पायजे," तो म्हणाला. "ढकलायला शंभर माणसं असतात, साहेब. वर बँड."

बाबांना कळवलं, खोड सांगूनही गाडी गेली. ते म्हणाले, "कॉलेजात नाय शिकवलं ते गाडीनं शिकवलं. मंग महाग कुठं पडली?"

मी पुन्हा सायकल काढली. तिला खोड नाही. बसतो तो फक्त टायर, माझ्या वजनाने.