वृषभाच्या शिंगापाशी माझा हक्क

आदिलाबादच्या कापूस बाजारात ज्या पेढीवर मी उमेदीची सगळी वर्षं काढली, तिच्या पाटीवर माझं नाव नव्हतं. पाटीवर भागीदाराच्या वडिलांचं नाव होतं. भांडवल त्यांचं, हे मला मान्य आहे. पण बोथपासून पैनगंगेपर्यंतच्या गावांत फिरून माल कोणी आणला? शेतकऱ्यांशी घसा कोरडा पडेपर्यंत घासाघीस कोणी केली? मी हमालीपासून सुरुवात केलेला माणूस. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा भागीदार म्हणाला, "नावात काय ठेवलं आहे?" काही ठेवलेलं नसेल तर माझंच लिही, असं मी म्हणालो. तो हसला, आणि रंगाऱ्याने वडिलांचं नाव लिहिलं. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

दुर्बीण माझ्याकडे आली ती पोलीस अ‍ॅक्शननंतर. निजामाचं संस्थान खालसा झालं, बरेच जुने अंमलदार बदलून गेले, काही देशच सोडून गेले. अशाच एका अंमलदाराच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. मी गेलो होतो तराजू बघायला. तिथे मराठी शाळेचे एक गुरुजी एका पितळी नळीभोवती घुटमळत होते. मी बोली लावली की ते पडलेल्या चेहऱ्याने थोडं वाढवत. त्यांनी वाढवलं म्हणून मला चेव आला, मी आणखी वाढवलं. शेवटी नळी माझी झाली. ती कशाची, हे मला ठाऊक नव्हतं.

"शेठ, हिला डोळा कुठल्या बाजूने लावतात, माहीत आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे ना? मग या सांजच्याला आमच्या गच्चीवर. वस्तू माझी, विद्या तुमची."

गुरुजी येऊ लागले. कापसाचा हंगाम आणि स्वच्छ आकाश हे दोन्ही आमच्याकडे एकाच वेळी येतात. दिवेलागणीनंतर बाजार शांत झाला की आम्ही पेढीच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, गच्चीवर चढायचो. गुरुजींनी मला चंद्राचे खड्डे दाखवले, गुरूचे चंद्र दाखवले, वृषभ रास ओळखायला शिकवली. रोहिणीचा तांबडा तारा हा बैलाचा डोळा, तिथून पूर्वेकडे गेलेली दोन शिंगं. धूमकेतू कसा असतो, हेही त्यांनीच सांगितलं: पुसट डाग दिसतो, पण दोन-चार दिवसांत जागा सोडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचं नाव त्याला देतात. हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकून ठेवलं.

मग भाषावार प्रांतांचं वारं सुटलं. कुठल्या गावात किती मराठी बोलणारे, किती तेलुगू, याच्या कामावर गुरुजींना गावोगाव धाडलं. मी एकटाच गच्चीवर बसू लागलो, आणि तेव्हाच मला तो डाग सापडला. बैलाच्या खालच्या शिंगाच्या टोकापाशी, जेमतेम नखाएवढा, फुंकर मारली तर उडून जाईल असा. सरळ बघितलं की नाहीसा व्हायचा, नजर जरा बाजूला ठेवली की यायचा. कापसाच्या ढिगात कवडी, म्हणजे डागी माल, अशीच हुडकावी लागते. ढिगावर डोळे रोखले की सगळं पांढरंच दिसतं. उजेडाकडे पाठ करून कडेने नजर टाकली की पिवळेपणा उठून येतो. तेवढ्या कसबावर मी पोट भरत आलो होतो.

बरेच दिवस मी त्या डागावर नजर ठेवली. तो हलला नाही. म्हणजे धूमकेतू नाही. गुरुजींच्या शाळेतल्या ताऱ्यांच्या नकाशातही तो नव्हता. म्हणजे कोणाला माहीतच नाही. जगात एक वस्तू अशी निघाली होती की तिच्यावर माझं नाव लागणार होतं आणि भागीदाराच्या वडिलांचं लागणार नव्हतं.

गुरुजी परत आले तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणालो, "एक नवी वस्तू गावली आहे."

"अरे वा! कुठे?"

"ते नाही सांगणार."

आमच्या धंद्यात हा पहिला नियम. कुठल्या गावात चांगला माल पडून आहे, हे सौदा पक्का होईपर्यंत सख्ख्या भावालाही सांगायचं नसतं. गुरुजी पोट धरून हसले.

"अहो शेठ, आकाश म्हणजे काय बोथचा बाजार आहे? रात्रीतून कोण गाडी भरून नेणार आहे?"

"हसा तुम्ही. गाव सांगितलं की माल गेला."

"मग हैदराबादच्या वेधशाळेत जा. तिथल्या लोकांना विचारा."

मी मुदखेडला गाडी बदलून हैदराबादला गेलो. वेधशाळेत मला एका सडपातळ साहेबांसमोर बसवलं. साहेब तेलुगू घरचे, पण माझ्याशी तिथल्या हिंदीत बोलले.

"बोलिए सेठ साब, क्या देखे आप?"

"देखा बहुत कुछ. पहले बात पक्की, फिर जगह."

"कैसी बात?"

"चीज़ नई निकली, तो नाम मेरा लगेगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पर जगह मालूम हुए बिना मैं कैसा बोलूं, नई है या पुरानी?"

"और जगह बोल दी तो आप मुझे काहे को पूछेंगे?"

असं बराच वेळ चाललं. त्यांचा आवाज चढला नाही, माझा चढला. शेवटी मी खिशातला मोठा रुमाल काढून टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घातला. आमच्या बाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा, पटला की समोरच्याने हात दाबायचा. मग बोलणं नाही, फिरणं नाही. साहेब त्या रुमालाकडे पाहत राहिले. मग त्यांनीही हात आत घातला आणि माझा हात हातात घेऊन छान दाबला.

झालं. सौदा पक्का. मी मोकळ्या मनाने सांगितलं, "बैल का नीचे वाला सींग. उसकी नोक के पास."

साहेबांनी उठून कपाटातून एक जाड पुस्तक काढून आणलं, एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. माझाच डाग. पण माझ्या दुर्बिणीत नखाएवढा दिसलेला इथे तळहाताएवढा होता, आणि त्यात फाटक्या जाळीसारखे धागे होते.

"ये तो दो सौ बरस से मालूम है, सेठ साब."

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. "हाथ दिया था तुमने!"

"हौ, दिया. मैं समझा आप सलाम कर रहे."

दारातला शिपाई आत आला. साहेबांनी त्याला हातानेच परत पाठवलं, खुर्ची स्वतः उचलून ठेवली आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी माझी मुळीच चेष्टा केली नाही, हे मात्र मी लिहिलं पाहिजे. ते म्हणाले की, आदिलाबादच्या गच्चीवरून, एवढ्याशा नळीतून, कोणी न सांगता ही वस्तू दिसणं सोपं नाही. मग मी चिडलेलाच होतो तरी ते सांगत गेले आणि मी ऐकत गेलो.

तो डाग म्हणजे मेलेल्या ताऱ्याचं उरलेलं सामान होतं. नऊशे वर्षांपूर्वी तिथे एक तारा फुटला. चीनमधल्या लोकांनी तो पाहून लिहून ठेवला. कित्येक दिवस तो भर उन्हातही दिसत होता. मग विझला, लोक विसरले. पुढे दुर्बिणी आल्यावर त्या जागी हा ढग सापडला, पण या दोन गोष्टी एकच आहेत हे ओळखायला आपला काळ उजाडावा लागला. साहेबांनी दोन फोटो शेजारी ठेवले. एकाच ढगाचे, मधे बऱ्याच वर्षांचं अंतर. दुसऱ्या फोटोत धागे किंचित बाहेर सरकले होते. ढग अजून पसरतो आहे. तो किती वेगाने पसरतो ते मोजून उलटं मागे गेलं की सगळे धागे चिन्यांच्या त्या काळाच्या आसपास एका ठिकाणी येतात. अलीकडे रेडिओसारख्या यंत्रांवर त्याची खरखरही पकडली आहे, असं ते म्हणाले.

"हमारे लोगां नहीं देखे?" मी विचारलं.

"देखे तो होंगे. सूरज के उजाले में दिखने वाला तारा कौन नहीं देखता? पर लिखा हुआ अब तक पक्का कुछ नहीं मिला."

मी शेवटी मूळ मुद्द्यावर आलो. "तो नाम किसका लगा?"

इथे साहेब पहिल्यांदा हसले. विलायतेतल्या एका डॉक्टरने तो ढग आधी पाहिला होता. पण ज्याने मागाहून पाहिला त्या फ्रेंच माणसाने धूमकेतूंसारख्या दिसणाऱ्या डागांची यादी केली आणि हा पहिला घातला. लोक अजून त्या फ्रेंचाच्या यादीचा एक नंबर म्हणून तो ओळखतात. आणखी एका साहेबाने त्याचं चित्र काढलं, ते खेकड्यासारखं दिसलं, म्हणून बाकीचे त्याला खेकडा म्हणतात.

"और वो डॉक्टर?"

"उसका नाम कौन लेता है? हम लोगां लेते, बस."

मी ते नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. गाडीत बसल्यावर माझा स्वतःचा राग कुठे गेला ते कळलं नाही, पण त्या डॉक्टरपायी मात्र मी आदिलाबादपर्यंत धुमसत आलो. माल हुडकला एकाने आणि पाटी लागली दुसऱ्याची.

पुढे प्रांत बदलले. किनवट तालुका मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. गुरुजींनी सीमेपलीकडची मराठी शाळा मागून घेतली आणि गेले. किनवटकडच्या गाड्या मात्र सवयीने आमच्याच बाजारात येत राहिल्या. वजन व्हायला उशीर झाला की गाडीवाले गच्चीवर यायचे.

"शेटजी, तुमचा तो ढग दाखवा ना."

एकाने नळीला डोळा लावूनच विचारलं, "आता हा कोनाकडं गेला जी? मुंबईकडं का आंध्राकडं?"

"त्याची वाटणी करणारा कमिशनर अजून जन्मला नाही," मी म्हणालो.

त्या दिवशी भागीदारही वर आला होता. त्याने आजवर नळीला हात लावला नव्हता. गाडीवाल्यांपुढे उभा राहून तो म्हणाला, "बघा बघा. हा आमच्या पेढीने शोधलेला तारा."

"तुमच्या पेढीनं काऊन?" पलीकडचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला. "आमी तर शेटजीचा तारा म्हनून राह्यलो. आमच्या गावात हेच नाव हाय त्याचं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. एका गावात का होईना, माझं नाव लागलं होतं, आणि तेही भागीदाराच्या तोंडावर.

"माझा नाही तो," मी म्हणालो. "आणि याच्या पेढीचा तर नाहीच नाही." मग मी त्या डॉक्टरचं नाव घेतलं. म्हाताऱ्याला ते जमेना, मी त्याच्याकडून ते परत परत म्हणवून घेतलं. त्याने आधी पाहिला, दुसऱ्याच्या यादीत गेला, हेही सांगितलं.

म्हातारा विचारात पडला. "मग तो डाक्टर काही बोलला नाही काय?"

"मला माहीत नाही."

"बोलाले पाह्यजे होतं जी. न बोलता कोन देते?"

भागीदार खाली निघाला होता. मी त्याला जिन्यातच गाठलं आणि म्हणालो, एक तर पाटीवर माझं नाव घाल, नाहीतर वाटणी कर. माझ्या डोक्यात तारे शिरले आहेत, असं तो सगळ्या बाजाराला सांगत सुटला. हंगाम संपायच्या आत आम्ही वेगळे झालो. पाटी त्याच्याकडे राहिली, गावं माझ्याकडे आली. फिटंफाट झाली, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.