धान्य बंद

आई गेल्यावर मला आणि आप्पांना बोलायला विषयच उरला नाही. बोलायचं काम तीच करायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेले, दौंडला दोन खोल्यांत एकटे. मी शिरूरला एका खोलीत एकटा, कारखान्यात शिफ्टवर. दर रविवारी मी सायकल काढायचो आणि न्हावरा, चौफुला करत दौंड गाठायचो. आप्पा विचारायचे, "वारा कसा हुता?" मी म्हणायचो, "समोरचा." झालं. मग ते भाकरी थापायला बसायचे. साठीनंतर शिकलेले, त्यामुळं भाकरी कधी गोल झाली नाही. पण मी चार-चार खायचो आणि ते माझ्या ताटाकडं बघत राहायचे. आम्हा बापलेकात एवढं एक जेवण उरलं होतं. ते तुटलं तर काहीच राहणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग!

शतक बदललं त्याच्या आसपासची गोष्ट. जिल्ह्याची सायकल शर्यत त्या वर्षी पुण्याहून निघून दौंडला संपणार असं कळलं. आदल्या वर्षी मी निम्म्या वाटेतच मागं पडलो होतो. आता शर्यत आमच्या गावात संपणार म्हटल्यावर आप्पांच्या डोळ्यांसमोर पहिल्या दहांत यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

आमचा सुपरवायझर पुण्याचा, वजनाच्या मागं लागलेला. त्यानं एक इंग्रजी कागद झेरॉक्स करून दिला. म्हणाला, "धान्य बंद, साखर बंद. शरीर मग चरबी जाळतं. सायकलवाल्यांना तर वरदान आहे." कागद मला अर्धामुर्धाच कळला. धान्य बंद, एवढं मात्र नीट कळलं. आता आमच्या घरात धान्य बंद म्हणजे एकच गोष्ट: उपवास. मी लगेच उपवासाचं खाणं सुरू केलं. साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं, उकडलेला बटाटा, केळी. गहू नाही, ज्वारी नाही, तांदूळ नाही. मनात म्हटलं, सोपं आहे की! आई तर वर्षातून कितीदा करायची.

आणि गंमत म्हणजे सायकल पळायला लागली. महिन्याभरात दौंड अर्ध्या तासानं जवळ आलं. मी कँटीनमध्ये त्या कागदाची टिमकी वाजवत फिरत होतो. टेबलावरचे लोक विचारायचे, "बुवा, चातुर्मास लवकर धरला का?"

पहिल्या रविवारी आप्पांनी परात पुढं ओढली तेव्हा मी म्हटलं, "भाकरी नको. धान्य बंद केलंय."

"कुठल्या देवाचं?"

"शर्यतीचं."

त्यांनी परात परत मागं सारली. पुढच्या रविवारी गेलो तर पातेल्यात साबुदाणा भिजलेला. खिचडी कसली, नुसता गोळा. पण मी खाल्ली, आणि त्यांनीही खाल्ली. साबुदाणा त्यांना बिलकुल आवडायचा नाही. आई हयात असताना एकादशीला ते मुद्दाम पिठलं मागायचे. मी म्हटलं, "तुमच्यापुरती भाकरी करा की." म्हणाले, "दोन दोन कुठं करू? मला बी त्येच." असे दोन महिने गेले.

शर्यतीला तीन आठवडे असताना सुपरवायझर माझ्या डब्यात डोकावला आणि हसत सुटला. "अहो, साबुदाणा? हा तर निव्वळ स्टार्च. यापेक्षा भाकरी परवडली! तुम्ही दोन महिने उलटंच करताय." अख्खं टेबल हसलं. नंतर तीन-चार दिवस मी दिसलो की कुणीतरी "फराळ झाला का?" म्हणायचं. माझा स्वभाव मुळात तिरसट. डोक्यात राख घालून घेतली. आता अंडी, शेंगदाणे, काकडी, ताक, कधी मटण, बाकी काहीही नाही. सायकल ज्याच्यावर पळत होती तेच बंद करतोय, हे साधं गणित मला सुचलं नाही. हसणाऱ्यांना दाखवायचं होतं ना!

त्या रविवारी आप्पांची खिचडी पहिल्यांदा मोकळी झाली होती. दाणा न् दाणा सुटा. ताट पुढं सरकवून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि मी म्हणालो, "हे विष आहे, आप्पा. दोन महिने तुम्ही मला विष चारलंत."

"मला काय ठावं," ते म्हणाले. "तू म्हनलास ते केलं."

त्यांनी माझ्या ताटावर दुसरं ताट झाकलं. मी तिथंच सांगून टाकलं, की शर्यत होईपर्यंत येत नाही.

पुढचे रविवार मी पाबळच्या बाजूला सायकल घातली. डोकं ठणकायचं, पाय जड. खोलीवर येऊन अंडी सोलायची आणि भिंतीकडं तोंड करून खायची. कँटीनमध्येही मी कोपऱ्यातलं टेबल धरलं होतं. वारा कसा होता, हे विचारणारं कुणी नव्हतं. एवढ्याशा प्रश्नासाठी माणूस झुरतो, हे मला तेव्हा समजलं. तरी दौंडला गेलो नाही. ताठा!

शर्यतीच्या दिवशी यवतपर्यंत मी पुढच्या घोळक्यात होतो. चौफुला गेला आणि पायांतलं सगळं निघून गेलं. दम नव्हता लागला. नुसतं गिरणीची वीज जावी तसं झालं. रस्त्याकडेच्या एकानं केळं पुढं केलं. मी मान हलवली, केळं म्हणजे साखर! पाटसला ब्रेक दाबायलाही बोटांत जोर उरला नव्हता, कसाबसा उतरलो. सगळे पुढं निघून गेले. काही वेळ सायकल हातात धरून चालत होतो.

दौंडला पोचलो तेव्हा मांडव सोडत होते. आप्पा तिथं नव्हते. तसाच घरी गेलो. ते बनियनवर खाटेवर बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली.

"मांडवात जाऊन आलो की," ते म्हणाले. "समदी आली, तू दिसला न्हाईस. वाटलं, शर्यतीत उतरलाच न्हाईस."

मी म्हटलं, "आप्पा, भाकरी आहे का?"

ते उठले, पिठाचा डबा उघडला आणि पुन्हा लावला. "दळान आनलंच न्हाई. तू येनार न्हाईस म्हनलास. एकट्यासाठी काय चूल पेटवायची?"

"मग तीन आठवडे काय खाल्लंत?"

"चहा-खारी. भागतंय."

मी तीन आठवडे स्वतःच्या तोंडात जाणारा घास न् घास तपासला होता. ते काय खात असतील, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

आप्पा शेजारच्या चाचींकडून वाटीभर पीठ घेऊन आले. एकच भाकरी झाली. त्यांनी ती मोडून अर्धी माझ्या ताटात घातली, अर्धी स्वतःसाठी ठेवली आणि मिरचीचा ठेचा काढायला वळले. ते परत बसेपर्यंत माझी अर्धी संपली होती. त्यांनी स्वतःची माझ्या ताटात सरकवली. मी तीही खाल्ली. नको म्हणायचं सुचलंच नाही, एवढी भूक होती.

पोटात अन्न पडल्यावर, त्यांचं रिकामं ताट बघून मला रडू फुटलं. आप्पांना वाटलं, शर्यतीचं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आरं, हुतंय. फुडल्या साली बघू." मी मान डोलावली. शर्यतीचं नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.